दसऱ्याची रायफल

॥ श्री ॥
वॉटफर्ड, इंग्लंड, १५ जून २०२५

ती. आशावन्संना उल्काचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर रडू येतं, म्हणून आपलं पत्रच बरं.

ह्यांना जाऊन अडीच महिने झाले. कपडे दिले, पुस्तकं लायब्ररीने नेली. राहिली ती रायफल. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात उभी आहे, शेजारी ह्यांचा रेनकोट. कोट आवरायला गेले की तेलाचा वास येतो आणि वाटतं, आज रविवार आहे, हे रायफल क्लबवर गेलेत, चहाला येतील. मग तशीच कोट हातात धरून उभी राहते. किती वेळ ते विचारू नका.

पोलिसांनी ती घरात ठेवायला मला सप्टेंबरअखेरपर्यंत तात्पुरता परवाना दिलाय. तोवर ठरवायचं: नळी वेल्डिंग करून कायमची बंद करून भिंतीवर टांगायची, की दुरुस्त करून चालती ठेवायची. ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढाईतली, प्रत्येक भागावर एकच नंबर. अशी आता मिळत नाही म्हणे. पण लाकडाला चीर आहे आणि बारा वर्षं तिच्यातून गोळी सुटलेली नाही. हे एकदा म्हणाले खांदा दुखतो, तेव्हापासून नेमबाजी बंद. खरं सांगू? मला आनंदच झाला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच रविवार माझ्या वाट्याला आले.

आपली तनिषा म्हणते, आजी, भिंतीवर छान दिसेल. मलाही बंद केलेलीच बरी वाटते. काय ते कळवा. मोजे घालत जा. लोभ असू द्या.

तुमची,
उल्का


ओबान, स्कॉटलंड, २४ जून

चि. सौ. उल्का हिस अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ मी लिहीतच राहणार. वाद घालायचा असेल तर इथे येऊन घाल, मला ऐकूही येणार नाही.

तीन दिवस धुकं आहे. समोरचं बेट नाही, समुद्र नाही. बोट आल्याचं खिडकीची काच थरथरते त्यावरून कळतं. अशा हवेत शशी मला माझा दहा वर्षांचा धाकटा भाऊच दिसतो. गलोल घेऊन चिंचेखाली उताणा पडायचा तासन्‌तास, आणि एक चिंच पाडायचा नाही. नेम धरण्यातच त्याचं सगळं सुख.

वेल्डिंग एकदा केलं की केलं. आधी जाणत्या माणसाकडून उघडवून बघ. न तपासता निदान करायचं नाही, एवढं मी चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत शिकले.

मोजे घातले आहेत. जेवत जा.

आशा


वॉटफर्ड, ९ ऑगस्ट

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं आणि घात झाला.

क्लबमध्ये प्रिचर्ड म्हणून वेल्श गृहस्थ आहेत, बंदुका दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. काल त्यांच्या शेडमध्ये त्यांनी माझ्यासमोर नळीवरचं लाकूड सोडवलं. आत चिकट, तपकिरी थर आणि खाली गंज. त्यांनी जपून विचारलं, की हिच्यावर कधी कुणी पुडिंग ओतलं होतं का. वन्सं, मला लगेच कळलं काय ते.

बारा वर्षांपूर्वीचा दसरा. दर वर्षी हेच शस्त्रपूजा करायचे: रायफल, स्टेथोस्कोप, दोन फुलं, की झालं. त्या सकाळी रायफल पाटावर ठेवली आणि हॉस्पिटलचा फोन आला, हे पळाले. मी म्हटलं, आज आपणच साग्रसंगीत करू. दूध, दही, तूप, मध, साखर. देवासारखा अभिषेक घातला. ओल राहू नये म्हणून वर अर्धा तास हेअर ड्रायर फिरवला! लाकूड त्यानेच तडकलं. हे घरी आले, बघत राहिले, वास छान येतोय म्हणाले आणि प्रसाद मागितला. महिन्याभरात खांदा दुखायला लागला.

प्रिचर्ड म्हणतात, नवी नळी, नवं लाकूड घातलं तर झकास चालेल, पण मग नंबर जुळणार नाहीत, ही ती रायफल राहणार नाही. जुनंच लाकूड चिकटवलं तर मोजक्या गोळ्या झाडता येतील, कारण नळी आतून शाबूत आहे. एवढी वर्षं कुणीतरी तिला नेमाने तेल दिलंय, असं ते म्हणाले.

मला काहीच नको. ते रविवार मी ह्यांच्याकडून चोरले होते. पुढच्या आठवड्यात वेल्डिंगला पाठवते. मला माफ करा.

उल्का


ओबान, १४ ऑगस्ट

चि. सौ. उल्का हिस आशीर्वाद.

वेल्डिंगवाल्याला थांबव. मला सगळं ठाऊक होतं. कधीतरी तुलाही कळावं म्हणूनच उघडायला सांगितलं. शशीचं तेव्हाचं पत्र सोबत आहे. तुला चष्मा सापडेपर्यंत चार ओळी इथेच उतरवते:

“ताई, उल्काने रायफलला पंचामृताने न्हाऊ घातलं. घरी आलो तर रायफल हार घालून पाटावर, आणि उल्का समोर लहान मुलीसारखी खूश. दुरुस्तीला दिली तर तिला कळेल, आणि कळलं तर ती पुन्हा कुठल्या पूजेला हात लावणार नाही. म्हणून खांदा दुखतो असं सांगितलंय. तू डॉक्टर आहेस. तिने विचारलं तर दुखतो म्हण. तेल मी घालत राहीन. गंमत म्हणजे रविवारी तिच्याबरोबर कालव्याकाठी चालताना मला रेंजची आठवणही येत नाही.”

चोरले म्हणतेस ते रविवार त्याने तुला दिले होते, वेडे. आणि तेल देत राहिला, म्हणजे रायफल त्याने बंद केली नव्हती. आता तुला वाटेल ते कर.

आशा


वॉटफर्ड, ३ ऑक्टोबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

प्रिचर्डनी जुनंच लाकूड चिकटवलं. नंबर सगळे जिथल्या तिथे. रायफल आता त्यांच्या लायसन्सवर आहे, आणि मी क्लबची नवी मेंबर. एकाहत्तराव्या वर्षी!

काल दसरा. रेंजवर कोवळं ऊन होतं, गवतावरून वाफ निघत होती, पलीकडचं काही नीट दिसत नव्हतं. मी रायफलला कुंकवाचं एक बोट लावलं, कोरडं. प्रिचर्ड माझ्या पिशवीकडे अशा नजरेने बघत होते, जणू आत दुधाची बाटली असावी. त्यांनी आधी स्वतः दहा गोळ्या झाडून पाहिल्या. मग तनिषाने मला चटईवर पालथं निजवलं.

हे पेशंटला भूल देताना म्हणायचे, की श्वास सोडला की पुढचा घेण्याआधी एक रिकामी जागा असते, तिथे अगदी शांत असतं. मी ती जागा शोधत पडून राहिले. सापडली, वन्सं. तिथे तेलाचा वास होता. मला उठूच नये असं वाटलं. मग चाप आपोआप दाबला गेला.

गोळी कुठे गेली ते प्रिचर्ड दुर्बिणीतून शोधत होते. मी चटईवर पडून रडत होते, आणि फार बरं वाटत होतं.

आज सकाळपासून उजवा खांदा दुखतो आहे. तुम्ही डॉक्टर आहात. कुणी विचारलं तर दुखतो म्हणा.

लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची,
सौ. उल्का