माझ्या बाजूची पिशवी

सायगॉन,
११ मार्च २००६

चि. तोआन,

तुला, सूनबाई थाओला आणि धाकट्या तेपला साउ काकाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इथं खुशाल आहोत. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून लिहिलं. किती खुशाल, ते पुढं येईलच.

तेपचा दात वर आला का? तुझी आई दिवसातून दहा वेळा मलाच विचारते, जसा काही तो मी खिशात घालून आणलाय. माझ्या होडीतलं पाणी उपसायला विसरू नकोस. आणि गावात कुणी विचारलंच, की आमच्या लग्नाला महिना झाला नाही तोच म्हातारा-म्हातारी सायगॉन बघायला कशी निघाली, तर सांग, तरुणपणी जमलं नाही म्हणून आता निघाली. हसणाऱ्यांना हसू दे.

आम्ही ताम मावशीच्या लॉजवर उतरलोय. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात मासा तळला की वास आमच्या उशीला. मावशीचं तोंड कोंबड्याच्या आधी सुरू होतं. पहिल्याच सकाळी तिनं आम्हाला दारात उभं करून धडा दिला, "हे बघा नवरानवरी, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत बसलात, तर नातवंडांच्या लग्नालाच घरी पोचाल. पाऊल टाकायचं आणि एका चालीनं चालत राहायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही, आणि मागं तर मुळीच फिरायचं नाही. स्कूटरवाले तुम्हाला बरोब्बर चुकवतात. तुम्ही त्यांना चुकवायला गेलात की मेलात!"

मी म्हणालो, "मावशी, उभा जन्म नदीत काढलाय मी. तुमचे हे रस्ते म्हणजे आमचे परसातले ओहोळ."

तुझी आई पदराआड हसावी तशी टोपीआड हसली. तिला माझ्या बढाया आवडतात. आवडायच्या.

तो पहिला दिवस फार चांगला गेला रे. प्राणिसंग्रहालयात हत्ती बघितले. एका हत्तीनं माझ्या हातातला ऊस सोंडेनं काढून घेतला तर तुझी आई म्हणते, "घ्या, तुमच्यापेक्षा सभ्य आहे, निदान तोंडात घास घेऊन बोलत तरी नाही." दुपारी फुटक्या तांदळाचा भात आणि भाजलेलं डुकराचं मांस खाल्लं. तिथं एकजण शहाळी विकत होता. भाव ऐकून आई त्याच्याशी भांडायलाच उठली. "हे आमच्या बेन त्रेचं शहाळं आहे, मी ओळखते याला. आमच्या परसात पडलेलं असतं, कुणी उचलत नाही. इथं येऊन काय रुबाब दाखवतंय!" शहाळीवाला हसून म्हणाला, "काकी, शहरात आलं की सगळेच रुबाब दाखवतात." दिवसभर मी तिचा हात धरला होता. लोक बघत होते, तरी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी बेन थान्हच्या बाजारात गेलो. त्या दिवसाबद्दल आईनं तुला फोनवर सांगितलंच आहे.

तिसऱ्या दिवशी चो लोनच्या देवळात गेलो. छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात, ती तुला माहीत आहेतच. आईनं तेपच्या नावानं एक लावलं. गुडघा वाकत नव्हता तरी नमस्काराला वाकली. मी आधार द्यायला हात पुढं केला तर म्हणाली, "असू दे, जमतं मला."

इथं एक गंमत सांगतो. गंमत नव्हे, पण सांगतो. तिच्याकडं ती निळी कापडी पिशवी आहे ना, थाओनं शिवलेली? आता चालताना ती पिशवी नेहमी माझ्या बाजूच्या हातात असते. मला आधी वाटलं, योगायोग. मग मी मुद्दाम मागून फिरून तिच्या दुसऱ्या बाजूला गेलो. चार पावलं गेलो नाही तोच पिशवीही हात बदलून माझ्या बाजूला आली. पुन्हा बाजू बदलली, पुन्हा तेच. आमची ती कवायत बघून एक चहावाली हसायला लागली. तुझी आई मात्र हसली नाही, रागावलीही नाही. उसाचा रस घेतला तर अर्धा पेला मला दिला. झोपताना मच्छरदाणी माझ्या बाजूनं नीट खोचली. सगळं अगदी पहिल्यासारखं. फक्त हात मोकळा नाही.

तोआन, आईनं तुला फोनवर काय सांगितलं ते मी शेजारीच उभा राहून ऐकलंय. "माझाच पाय घसरला, यांनी ओढलं म्हणून वाचले." यातलं एक अक्षर खरं नाही.

आम्ही बाजारासमोरचा रस्ता ओलांडत होतो. तिथं चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात आणि स्कूटरींचा नुसता लोंढा. मी हात धरून तिला घेऊन निघालो. अर्धं अंतर नीट गेलो, मावशीनं सांगितलं होतं तसं, एका चालीनं. मनात म्हणतही होतो, बघ, म्हटलं नव्हतं, ओहोळ आहे! तेवढ्यात डावीकडून एक बस भोंगा वाजवत आली आणि माझी पाचावर धारण बसली. मी मागं फिरलो. फिरलो नाही, पळालो. काठावर येऊन झाडाला पाठ लावून उभा राहिलो तेव्हा कळलं, की माझे दोन्ही हात रिकामे आहेत.

त्या वेळेपासून मी स्वतःची समजूत घालतोय, की हे नावाड्याचं अंग आहे. नदीत समोरून मोठा पडाव आला की आपण उलटं वल्हं मारतो, जागा देतो. हाताला तेवढंच ठाऊक. मावशीलाही मी हेच ऐकवलं आणि तिला ते पटलंसुद्धा. पण तू नदीकाठचाच पोरगा आहेस, तुला कोण फसवणार? उलटं वल्हं मारताना नावाडी होडीतल्या माणसाला पाण्यात टाकून स्वतः काठावर उडी मारत नाही.

ती मधेच एकटी राहिली. तरी ती चालतच होती रे, सांगितलं होतं तशी, हळूहळू. बसवाल्यानंही तिला सोडून बाजूनं बस काढली. चूक माझी झाली. मी पुढं जाईन म्हणून ज्यानं अंदाज बांधला होता, तो बदकांची अंडी घेऊन निघालेला स्कूटरवाला मला चुकवायला गेला आणि तिला घासून आडवा झाला. ती पडली. गुडघा फुटला, कोपर सोललं, अंगभर पिवळा बलक. तो बिचारा उठून माझ्याकडं बघून ओरडला, "ए म्हाताऱ्या, खेकडा आहेस का? पुढं जायचं तर पुढं जा की!"

इथवर भित्रेपणा. भित्रेपणाला माफी असते असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. पुढचं ऐक.

लोक जमले. कुणी तिला उठवलं, कुणी पाणी दिलं. एक बाई मला म्हणाली, "अहो, हात नाही का धरायचा बायकोचा?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी म्हणालो, मोठ्यांदा म्हणालो, "धरला होता हो! हिनंच घाबरून झटका दिला. खेड्यातली बाई, शहर कधी बघितलं नाही हिनं."

तुझी आई फूटपाथवर बसून बाही पुशीत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग त्या बाईला म्हणाली, "हो. माझाच हात सुटला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं आपण उगाच म्हणत असतो. मला त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं, की नाही हो, खोटं आहे, मी सोडला. पण मूग गिळून बसलो. रिक्षा केली, लॉजवर आलो, हळद लावली. तिनं ब्लाउज धुतला आणि मावशीला हसत हसत सांगितलं, "अंड्यांनी न्हाऊन आले बाई." मला वाटलं, चला, मिटलं. मग संध्याकाळी पिशवी माझ्या बाजूच्या हातात आली.

तरीही मी हे लिहिलं नसतं. खरं सांगतो, लिहिलं नसतं. पण काल तुझा फोन आला. तू आईला रागावलास, की आई, तू लहान मुलीसारखी काय करतेस, काका सांगतात तसं का वागत नाहीस? तिनं ऐकून घेतलं. मग तू मला फोनवर बोलावलंस आणि म्हणालास, "बाबा, तुम्ही होतात म्हणून आई वाचली."

बाबा म्हणालास.

मी तुझ्या आईला मागणी घालायला आलो, तेव्हा तू हाताची घडी घालून उभा होतास. तुझ्या बाबांच्या तसबिरीपुढं मी उदबत्ती लावली तेव्हाही उभाच होतास. मला त्याचा राग नव्हता, मीही तसाच उभा राहिलो असतो. बस सुटताना मात्र तू खिडकीशी येऊन म्हणालास, "साउ काका, आईला गर्दीची सवय नाही, हात धरा तिचा." आणि मी छाती फुगवून म्हणालो, "अरे, आजवर होडीतून एक माणूस पाण्यात पडू दिला नाही मी!" ते सगळं मला त्या फोनच्या वेळी आठवत होतं. आणि तुझ्या तोंडून ती हाक ऐकून मी काय बोललो? म्हणालो, "असू दे, असू दे, त्यात काय एवढं." तुझी आई समोर उभी होती. ती पाणी भरायला निघून गेली.

तोआन, मला पोरबाळ नाही. ती हाक मला कुणी मारली नव्हती. ती ऐकून मला इतका आनंद झाला, की लाज वाटायला थोडा वेळ लागला. हे सगळ्यात वाईट.

आज सकाळी मी आईला सांगितलं, "मी तोआनला खरं काय ते लिहितोय." ती वेणी घालत होती. बराच वेळ घातलेलीच वेणी घालत राहिली. मी म्हणालो, "तो तुला घरी घेऊन जायला येईल." ती म्हणाली, "येऊ दे. मी काय पिशवी आहे, कुणीही उचलून न्यायला? मला जायचं तर मी जाईन, राहायचं तर राहीन." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या माणसाच्या अंड्यांचंही लिहा. त्याचं उगाच नुकसान झालं." मग चप्पल घालून दारात जाऊन उभी राहिली. "चला. पत्र टाकायला रस्ता तर ओलांडावा लागेल ना?"

मोठ्या पोस्टासमोर आलो. समोरून स्कूटरी वाहतायत, माझे पाय जमिनीत रुतलेले. तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवी पलीकडच्या हातात घेतली आणि माझा हात धरला. मला आपल्या आतल्या बाजूला घेतलं, तू तेपला घेतोस तसं. आणि लंगडत, एका चालीनं, मला पलीकडं घेऊन आली. मधे एक बस आली होती. मी डोळे मिटले होते.

आता इथं पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय आणि ती समोर तेपसाठी हत्तीचं कार्ड निवडतेय. तू म्हणशील, काका, शेवटी हात धरलात ना? नाही रे. हात तिनं धरला होता, आणि तो इतका घट्ट, की मी तो सोडला असता की नाही, हे मला अजूनही ठाऊक नाही.

तिला न्यायला यायचं असेल तर ये. मी अडवणार नाही, आणि तीही तुझं ऐकेलच असं नाही. तिला रागावलास त्याबद्दल मात्र तिची माफी माग. तेपचा पापा घे.

फोनवरची ती हाक मी खोटं बोलून मिळवली. ती या पाकिटातून परत पाठवतोय.

तुझा,
साउ काका