एकेरी सोडल्याचं कारण

आई, माझ्या खांद्याला काहीही झालं नव्हतं. तू जाऊन पुष्कळ वर्षं झाली, माझं खेळणंही गेल्या हिवाळ्यात संपलं, आणि मी डहाणूच्या आपल्या घरात परत राहायला आले आहे. सकाळपासून तुझ्या ओट्याजवळ स्टूल घेऊन बसले होते, हे एक वाक्य लिहायला. आता लिहिलंच आहे तर बाकीचंही सांगते.

बाबा दुसऱ्या बाईबरोबर वापीला राहायला गेले तेव्हा मी चौथीत होते. तू रडल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की संध्याकाळची भाजी त्यांच्यासाठी थांबायची बंद झाली. 'कुणाच्या येण्यावर फोडणी अडवून ठेवायची नाही,' तू म्हणायचीस, आणि तेच आपल्या घराचं धोरण झालं. तलासरीच्या शाळेतली नोकरी, जाताना एसटी, येताना मिळेल ती जीप, आगरहून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशीशी बोंबलांवरून घासाघीस, सगळं तू एकटीनं केलंस. मला खेळात घालायचं ठरलं तेव्हाही तू खो-खो नको म्हणालीस. 'त्यात दुसऱ्यांची तोंडं बघावी लागतात. टेनिस बरं. जिंकलीस तरी तुझं, हरलीस तरी तुझं.' क्लबात एकच मातीचं कोर्ट होतं, चिकूच्या वाडीला लागून. तू शाळेतून परस्पर तिथे यायचीस, सुरूच्या झाडाखालच्या बाकावर पेपर तपासत बसायचीस, आणि मी चांगला फटका मारला की मान वर न करता 'हं' म्हणायचीस. त्या एका 'हं'साठी मी मरमर खेळले.

पण तू बाकावर असायचीस, आई. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी एकोणीस वर्षांची झाले, मोठ्या स्पर्धांना परगावी एकटी जायला लागले, आणि एका सामन्यात सर्व्हिस करायला चेंडू वर उडवायचा तर तो हातातून सुटेचना. बोटं उघडतच नव्हती. समोरची मुलगी वाट बघते आहे, पंच बघतो आहे, आणि मला एकदम वाटतं की या एवढ्या मोठ्या चौकोनात माझ्या बाजूला कुणीच नाही. कसाबसा उडवला, जाळ्यात मारला. पुन्हा जाळ्यात. मग मी उजवा खांदा धरून खाली बसले. डॉक्टर धावत आले, त्यांनी दाबून पाहिलं, मी 'आई गं' म्हटलं, आणि सामना सोडला. खांद्यावर मोठी पट्टी लावून घरी आले. तू दार उघडलंस आणि पहिल्यांदा पट्टीच पाहिलीस.

त्यानंतर रोज रात्रीच्या जेवणाआधी तू पळीत तेल तापवायचीस, ओवा आणि लसूण घालून. मी पाटावर पाठ करून बसायचे. स्टेशनवर माझी किटबॅग तू उचलायचीस. पन्नाशीची बाई, साडीचा पदर खोचून, ते ओझं घेऊन पूल चढायचीस, आणि मी मागून रिकाम्या हातानं. ओळखीचं कुणी भेटलं तर तू आपणहून सांगायचीस, 'खांदा दुखावलाय तिचा.' आणि मी, घोड्यासारखी धडधाकट, खांदा जरा पाडून उभी राहायचे.

मग तो दिवस. तुझी शाळा कसल्याशा कारणानं लवकर सुटली होती. मी क्लबात एकटी होते, बादलीभर चेंडू घेऊन सर्व्हिस मारत होते. समोर कुणी नसलं की माझा हात असा सुटायचा की विचारू नकोस. बादली रिकामी झाली, मी वळले, तर तू कुंपणापाशी उभी. किती वेळ उभी होतीस कोण जाणे. 'चल, उशीर होतोय,' एवढंच म्हणालीस. घरी आलो. तू भात लावलास, पळी गॅसवर ठेवलीस, पाट मांडलास. 'बस.' मी बसले. तू नेहमीसारखंच तेल चोळलंस, नेहमीपेक्षा जोरात नाही की हळू नाही. मधेच म्हणालीस, 'आज जास्त दुखत असेल.'

मी 'हो' म्हटलं.

तेव्हा बोलले असते तर सगळं संपलं असतं. तूही वाट बघत होतीस, हे मला आता कळतं. पण ज्या बाईनं कुणासाठी फोडणीसुद्धा अडवली नाही, तिच्या मुलीला एकटीनं उभं राहायची भीती वाटते, हे कुठल्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा खांदा बरा होता. डॉक्टरांनी एकेरी बंद करायला सांगितलंय, असं मी ठोकून दिलं आणि दुहेरीत गेले. तिथे मला कसलीच भीती वाटली नाही. गुण गेला तरी जोडीदारीण येऊन हातावर हात मारते, 'जाऊ दे' म्हणते. मी जाळ्यापाशी उभी राहून असे चेंडू उचलले की लोक मला मागून घेऊ लागले. त्यावरच माझं सगळं आयुष्य गेलं. वाईट नाही गेलं.

सुरतच्या स्पर्धेला तू तुझ्या शाळेतल्या बाईंना घेऊन आलीस, हायवेवरून जीप करून. आम्ही जिंकलो. त्यातल्या एक बाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, 'आणि हिची एकटीची मॅच कधी? ती बघूनच जाऊ.'

मी काही बोलायच्या आत तूच बोललीस. 'तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. एकटीनं खेळायचं नाही म्हणून सांगितलंय.'

'अगं बाई! कधी?' त्यांनी माझ्या खांद्यावर हात फिरवला. 'टाके नाही दिसत ते.'

'आतून केलंय,' तू म्हणालीस.

काना-मात्रा चुकला तर मार्क कापणारी तू. तुला खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तुझी मान ताठ होती आणि कान लाल झाले होते. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, आणि तुम्ही सगळ्या जीपकडे जाईपर्यंत बांधतच राहिले.

पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा तू म्हणालीस, 'तुझ्या जोडीदारणीला जेवायला आण एकदा. तुला सांभाळून घेते ती.' मी आणलं नाही. तिला खांद्याचं काहीच माहीत नव्हतं, जेवताना एखादा शब्द गेला असता. तू दोन-तीनदा विचारलंस, मग विचारायचं सोडलंस. तुझ्या आजारपणात ती रोज फोन करायची आणि मी तुझ्या उशाशी बसून तिला 'येऊ नकोस, आई झोपलीय' सांगायचे. तू जागी असायचीस. ती शेवटी आली ती तुझ्या तेराव्याला. तुझ्या ओट्यापाशी उभी राहून मला म्हणाली, 'आईंना एकदा भेटायला हवं होतं गं.'

आणखी एक राहिलं, ते सांगते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तू गेल्यावर दोन वर्षांनी, परदेशातल्या एका लहानशा स्पर्धेत मी एकेरीत नाव दिलं. तुझ्यासाठी, असं स्वतःला सांगितलं. सामन्याच्या सकाळी जाऊन ते काढून घेतलं. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईनं कारण विचारलं. मी म्हटलं, मला एकटीनं खेळायची भीती वाटते. इंग्रजीत पटकन निघून गेलं तोंडातून. तिनं मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि मागच्या मुलीला पुढे बोलावलं. मी बाहेर येऊन चहा घेतला. मला फार हलकं वाटलं, आई. तू आता घरी नाहीस, परत जाऊन तुला तोंड दाखवायचं नाही, म्हणून जास्तच हलकं वाटलं.