बोर्डाची मागची बाजू

मंगळवार, संध्याकाळ. समता कॉलनी.

१. विमानतळाच्या प्रतीक्षालयात आमचा संकटकालीन दाराचा दुहेरी बोर्ड आज छताला टांगला.
२. पुढून पाहिलं. बाण उजवीकडे, दाराकडे. बरोबर.
३. मागून पाहिलं. तिथेही बाण उजवीकडेच, म्हणजे भिंतीकडे.

मागचा बाण उलटा हवा होता. ड्रॉइंगवर तपासणीची सही माझी. मी एकच बाजू पाहिली होती का? हो, एकच.

फिटर भैया शिडीवरून म्हणाले, "मॅडम, दोन्हीकडे सेम तर हाय, काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

आमच्या बोर्डांच्या कारखान्याच्या मालकांना फोन केला. ते हसले. "आग काय रोज लागते का, पोरी? शुक्रवारची विमानतळवाल्यांची तपासणी निघून जाऊ दे, मग बदलू. अन् सही तुझीच हाय ना?"

ही धमकी होती की नुसती आठवण? काही असो. धुरात माणूस त्या बाणावर विश्वास ठेवेल आणि भिंतीपाशी पोचेल.

उद्या सकाळी त्यांना हे पाठवायचं:

"साहेब, चूक माझी आहे. मागचा बाण भिंतीकडे नेतो. बोर्ड उतरवायची परवानगी द्या. नाहीतर विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना मी स्वतः सांगेन. कृपया गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर कळवा."