कपाळावरची काळी माती

पूर्णा, ९ फेब्रुवारी १९४१

तीर्थरूप आईस, पूर्णेहून लिंगराजचा शरणार्थ.

मी खुशाल हाय. तुझा गुडघा कसा हाय? उमा, आईला सावकाश वाचून दाखव.

आमच्या जिनिंगच्या शेठची फुटबॉल टीम जिंकली. मीबी खेळलो, पण जिंकवलं गोलकीपर मुबारकनं. तो हैद्राबादचा सिद्दी, त्याचे पणजोबा आफ्रिकेतून आलेले. फोटोच्या वेळी शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या काळ्याला बाजूला करा, फोटो खराब होतो."

मुबारक मान खाली घालून सरकला. तेवढ्यात खेळ बघायला आलेल्या झरी गावच्या एका म्हातारीनं ढेकूळ फोडून कपाळाला माती लावली. म्हणाली, "काळ्या रानाला आमी आई म्हणतो. मग आमालाबी बाजूला करा." बघता बघता सारं मैदान मातीला वाकलं. आमी खेळणारे मुबारकपाशी जाऊन उभे राहिलो. फोटोत शेठ एकटेच हायत, मांडीवर कप घेऊन.

सध्या मला सुट्टी हाय, कधीपर्यंत ते शेठनं सांगितलं न्हाई. काळजी करू नको, स्टेशनात काम बघायलोय.

आई, त्या दिवशी विभूतीवरच माती लावली. पूजेला बसलो तरी पुसली न्हाई. तूबी पुसली नसतीस.

तुझ्या पायाशी,
लिंगराज