हाइनरिखची मुलगी

तीर्थरूप बाबांना,

मी कर्टिसशी लग्न ठरवलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "घराणं कोणतं त्याचं?" आणि बोलणंच सोडलंत. ते घराणं मी आता शोधून काढलंय. त्याचे खापरपणजोबा हाइनरिख जर्मनीहून टेक्सासला आले आणि मक्याची शेती करू लागले.

परवा कर्टिसच्या हिल्डाआत्यांनी मला हाइनरिखची कबर दाखवली. शेजारी त्यांच्या मुलीची, आनाची. तिने मेक्सिकन माणसाशी लग्न केलं म्हणून बापाने तिला तोडलं होतं.

"मग ती इथे कशी?"

"बाळंतपणात गेली. तेव्हा बापानेच गाडी जुंपून तिला घरी आणलं."

पत्र तुम्ही उघडणार नाही, म्हणून टाकत नाही. रविवारी फोन करते. नुसता उचला, बाबा. मीच बोलेन.

तुमची,
आश्लेषा