हिरव्या गाडीतली वाळूची गोणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा मोटार दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मेहुण्याचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. राहते घर पत्नीला. ते तसेही तिचेच होते, मी तिथे फक्त ग्रीसचे हात घेऊन यायचो.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. त्याला गाड्यांत रस नाही. रस असल्याचे दाखवणे त्याने आता थांबवावे.

३. गॅरेज, पाने, जॅक सगळे मुलीला. आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारी घरात ती एकटीच.

४. मागे इंजिन असलेली हिरवी गाडीही मुलीलाच. याचा खुलासा करणे भाग आहे.

तिला मी शिकवले ते माझ्या जुन्या गाडीवर. त्या गाडीचे इंजिन पुढे. अशी गाडी वळणावर जोरात घातली तर वळायला कुरकुर करते, सरळ बाहेर जाऊ बघते. तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुढची चाके रस्ता धरतात आणि गाडी मुकाट्याने वळते. म्हणून मी पढवले, "घाबरलीस की पाय काढ."

मग हिरवी गाडी आली. किल्ली देताना मी रंगाविषयी बोललो, पेट्रोलविषयी बोललो, इंजिन मागे आहे याविषयी अवाक्षर काढले नाही. अशा गाडीत वळणावर एकदम पाय काढायचा नसतो. मागची चाके हलकी होतात आणि जड मागचा भाग बाहेर फेकला जातो. पोस्टाच्या वळणावर तिने माझे ऐकले. गाडी गर्रकन फिरली आणि पाठीने भिंतीला भिडली. तिला खरचटलेदेखील नाही. मी सर्वांसमोर म्हणालो, "हिच्या हातात गाडी द्यायलाच नको होती."

त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. गॅरेजमध्येही येईनाशी झाली. मेहुणा एकवीस वर्षे आपल्या भाचीला 'भिंतताई' म्हणतो आहे.

५. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी हिरव्या गाडीच्या पुढच्या डिकीत वाळूची गोणी ठेवली, नाक जड व्हावे म्हणून. म्हणजे चूक कोणाची हे मला दुसऱ्याच दिवशी कळले होते. गोणी कशाला, असे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. याची मला लाज वाटते. चूक माझी होती, तिची नव्हती.

६. साक्षीदाराला मिळकतीतले काही देता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून मेहुण्याला साक्षीदार केले आहे.

७. पाचवे कलम लिहून घेताना वकीलसाहेबांनी विचारले, "हे कळायला तिने तुमच्या मरणाची वाट का बघायची?" प्रश्न त्यांच्या कामात बसत नव्हता. तरी परवा मुलीकडे जाऊन सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, एवढं सांगायला तुम्हाला वकील लागला?"

मी हो म्हणालो.

"गोणी अजून आहे?"

"आहे."

"मग किल्ली द्या."

सही: गॅरेजवाला

साक्षीदार:
१. मेहुणा (पाचवे कलम वाचून सही केली. चहा घेतला नाही.)
२. शेजारचा टायरवाला

दिनांक: १२ फेब्रुवारी, सोमवार

स्थळ: नोंदणी कार्यालय. पोस्टाच्या वळणावरून आलो. गाडी मुलीने चालवली. वळणावर मी डोळे मिटले. तिने पाय काढला नाही.