काठ वळवलेला डबा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (फार वाकवत नाही. कॉलेजची बाकं अठरा वर्षांच्या कमरेसाठी केलेली असतात, माझी त्रेचाळीसची आहे.) तुझे गुडघे कसे आहेत, भावोजींचा खोकला गेला की अजून मुक्काम ठोकून आहे, आणि बाबा दोन घास तरी जेवतात का, हे सगळं सविस्तर कळव. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचताना ते विसरलीस तरी चालेल.

तुला माहीतच आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे माझे बाकीचे विषय सुटले, एक कॅल्क्युलस तेवढा मानगुटीवर बसला. दोनदा नापास झालो. तिसरी खेप शेवटची, मग नाव कमी. कारखान्यात पत्रा कापणारा माणूस या वयात तिकडे कशाला कडमडला, असं भावोजी विचारतात. त्यांना सांग, हौस नव्हती. बाबांचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा त्यांनी मला शाळेतून काढून त्यांच्या पत्र्याच्या डब्यांच्या दुकानात उभं केलं, आणि ‘मी पोराचं शिक्षण बुडवलं’ हे पालुपद तेव्हापासून त्यांनी सोडलेलं नाही. मला फक्त एकदा त्यांच्या कानावर घालायचं होतं की बुडालं नाही, उशीर झाला एवढंच. (आणि आता आणखी उशीर परवडणार नाही, हे तू रोज त्यांच्या उशाशी बसून बघतेसच.)

आमचे सर तुझ्या थोरल्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठे असतील. पोरं मला काका म्हणतात आणि वर्गातला पंखा बंद पडला की सगळी माझ्याकडे बघतात. (दोनदा दुरुस्त केला. त्याचे मार्क नसतात.) सुरुवातीला लिमिट शिकवलं. म्हणजे एखाद्या आकड्याच्या जवळ जवळ जात राहायचं, पोचायचं मात्र नाही. सगळा वर्ग गोंधळला होता, मला तेवढंच पटकन समजलं. माझं आजवर बहुतेक सगळं तसंच झालेलं आहे.

तर या तिसऱ्या खेपेच्या पेपरातला सहावा प्रश्न बघितला आणि मला भरून आलं. साठ सेंटिमीटरचा चौकोनी पत्रा, चारही कोपऱ्यांचे सारखे चौकोन कापायचे, कडा वर दुमडून उघडा डबा करायचा; त्यात जास्तीत जास्त मावायला हवं तर कोपरा केवढा कापाल? ताई, असे डबे मी झोपेत केलेत. आजूबाजूची पोरं डोकं खाजवत असताना मी पेन्सिलीनं पत्रा आखायला घेतला, आणि हात सवयीनं जायचा तिथे गेला. वरचा काठ वळवायला मी एक सेंटिमीटर सोडला. तो धरून गणित मांडलं, डेरिव्हेटिव्ह काढलं, शून्याशी जुळवलं (तुझाच भाऊ, बरं का), उत्तर आलं दहा पूर्णांक दोन तृतीयांश. त्यांचं उत्तर दहा. सहापैकी दोन मार्क मिळाले, चार गेले. एकूण छत्तीस झाले. पास व्हायला चाळीस लागतात.

सरांना जाऊन भेटलो. माणूस भला आहे. बसायला खुर्ची दिली, पेपर दोनदा वाचला, आकडेमोड चोख आहे म्हणाले. पण हा एक सेंटिमीटर कुठून आणला, ते त्यांना कळेना.

मी म्हणालो, “सर, काठ वळवला नाही तर हात कापतो.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “काका, या डब्याला कोणी हात लावणार नाहीये.”

उठलो आणि जिन्यात जाऊन बसलो. वाईट वाटलं, फार वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला लिहू. ज्यांना कोणी हात लावणार नाही असल्या डब्यांपायी माझी तीन वर्षं गेली. मग एक पोरगी पुस्तकं सांभाळत खाली आली आणि पंखा पुन्हा बंद पडलाय म्हणाली, म्हणून उठावं लागलं.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. भावोजींना नमस्कार. भाच्यांना अभ्यासाबद्दल माझा दाखला देऊ नये.

तुझा,
पहिल्या वर्षातच राहिलेला धाकटा

ता. क. मुख्य राहिलंच. बाबांना सांग, पास झाला. चाळीस मिळाले म्हण. त्याच्या वर जाऊ नकोस, त्यांचा विश्वास बसणार नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फाडून परत लिहितोय. तसलं काही सांगू नकोस. तुला थाप मारता येत नाही, लगेच नाक लाल होतं. त्यापेक्षा तो पत्र्याचा प्रश्न त्यांना सावकाश वाचून दाखव. उत्तर किती आलं ते विचारणार नाहीत. आधी विचारतील, काठ वळवला का. वळवला म्हण, भर परीक्षेत, कोणी न सांगता वळवला. मग छत्तीस सांगितलेस तरी चालेल.